चाळीस सेकंदांची चाचणी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू न फोडताच बाजूला ठेवशील, या धास्तीने पत्ता ऑफिसातल्या शिपायाकडून लिहून घेतला. अकरा वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही आणि आता पाठवतेय तीही अशी चोरपावलांनी. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, निवृत्तीला दोन महिने उरलेत. चाचणी विभाग आता वरच्या मजल्यावर गेलाय. ज्या खुर्चीत तू दहा मिनिटं सलग टिकत नव्हतीस, तिथे आता एक शांत मुलगी बसते. चहा मात्र अजून तसाच, पाणचट.

बाद चिपांचा तो निळा ट्रे तुला आठवत असेल. साहेब त्याला 'स्मशान' म्हणायचे. आपल्या फ्लॅश मेमरीचे चार भाग, प्रत्येक भागाला दोन राखीव ओळी आणि खराब ओळीचा पत्ता ओळखून मागणी राखीव ओळीकडे वळवणारं प्रत्येकाचं वेगळं सर्किट. एका भागात तीन ओळी खराब निघाल्या की अख्खी चिप बाद, मग बाकीच्या तीन भागांतल्या सहाच्या सहा राखीव ओळी कोऱ्या का असेनात. एका दुपारी तू तो ट्रे माझ्या टेबलावर आदळून म्हणालीस, "ताई, एका खोलीत पाहुणे उभे आणि शेजारच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या! मधलं दार का उघडत नाही आपण?" तीन आठवड्यांत तू आराखडा काढलास. चारही भागांना मिळून पत्ते वळवणारं एकच सामाईक सर्किट, आणि राखीव ओळी ज्याला लागतील त्याच्या. साहेबांनी नाक मुरडलं, मग आकडे बघून मंजुरी दिली. पहिल्या खेपेनंतर त्या ट्रेचा तळ दिसू लागला होता. तू सगळ्या विभागाला पेढे वाटावेत तशी बातमी वाटत फिरलीस.

आराखड्यासोबत तू मला एक चिठ्ठी दिली होतीस. एका भागातली जुनी माहिती पुसण्याचं काम चालू असताना दुसऱ्या भागातून वाचनाची मागणी आली, तर दोघं एकाच वेळी सामाईक सर्किटाच्या दारात येतील. एकाला क्षणभर थांबवण्याची सोय केली आहे, पण चिप हातात आल्यावर ही चाचणी नक्की घे, असं तू लिहिलं होतंस. प्रत्येक चिपमागे चाळीस सेकंद लागणार होते. माल शुक्रवारी जायचा होता. चाचण्यांची यादी माझ्या हातात होती, आणि मी त्यातल्या या चाचणीवर काट मारली. तू विचारलंस, "ताई, ते बघितलंस ना?" मी हो म्हटलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. मी बघितलं म्हणजे बघितलं, असा तुझा हिशेब.

चार महिन्यांनी रुग्णालयांची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीकडून माल परत आला. खाटेशेजारच्या, औषध सोडणाऱ्या पंपाने आपल्या चिपमधून औषधाचं ठरवलेलं प्रमाण चुकीचं वाचलं होतं. एका नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून एका म्हाताऱ्या बाईंचा जीव वाचला. ती बैठक मी विसरू शकत नाही. साहेबांनी मला विचारलं, "चाचणीत काही आलं नव्हतं?" मी म्हणाले, "नाही, चाचणीत काही आलं नव्हतं." शब्द सगळे खरे होते. सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. तू एवढंच म्हणालीस, "मग माझंच काहीतरी चुकलं." आठ दिवसांत तू राजीनामा दिलास. तुला जिन्यापर्यंत सोडायलाही मी आले नाही.

तू गेल्यावर सोमवारी सकाळी मी परत आलेल्या चिपा यंत्राला लावल्या आणि ती चाळीस सेकंदांची चाचणी घेतली. तिसऱ्याच चिपमध्ये दोष सापडला. मग तुझा आराखडा आणि त्यावरून केलेली चिपवरच्या तारांची प्रत्यक्ष आखणी शेजारी ठेवून दोन दिवस ताडून पाहिली. तुझ्या आराखड्यात थांबण्याची सोय अगदी बिनचूक होती. आखणी करणाऱ्यांनी एक तार लांबून फिरवली होती, त्यामुळे थांबण्याचा इशारा उशिरा पोचत होता. ती तार सरळ केली की संपलं. पुढच्या खेपेत मी ती 'किरकोळ सुधारणा' म्हणून सरळ करून घेतली. तुझंच सर्किट गेली अकरा वर्षं बिनतक्रार चालतंय, आणि हे तुला सोडून सगळ्या विभागाला ठाऊक आहे. मी रोज म्हणायची, उद्या कळवीन. आधी भीती वाटायची, मग लाज, आणि नंतर तर नुसती सवयच झाली.

गेल्या आठवड्यात साहेब गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला आपल्या जुन्या स्टोअरकीपरकाकांची गाठ पडली. ते सहज बोलून गेले की तुझ्या लेकीला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय आणि तू तिला अडवलंस. "आईच्या हातून जे धड झालं नाही, त्याच्या नादी लागू नकोस," असं म्हणालीस म्हणे. मी तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी संचालकांना सगळं लेखी दिलं, सहीनिशी. त्याची प्रत, तुझी चिठ्ठी आणि चाचणीचे निकाल सोबत जोडलेत. त्यांनी मला आजपासून घरी बसायला सांगितलंय, ते योग्यच आहे. माफी मागण्याचं तोंड मला नाही आणि ती तू देऊही नकोस. फक्त हे कागद लेकीपुढे ठेव, तिला आराखडा नीट वाचू दे. तिच्या प्रवेशअर्जाची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे, मी कॉलेजात फोन करून विचारून घेतलंय.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
ताई