अर्जदार रोज सायंकाळी घरी जातो, हे मान्य होणेबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
साहित्य भांडार कार्यालय, जयपूर

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : १) अर्जदाराचा रजेचा अर्ज, दि. १५ जानेवारी
२) कारणे दाखवा पत्र, दि. १९ जानेवारी

आदरणीय साहेब,

हाच मजकूर हिंदीत दोनदा आवक विभागात देऊन झाला. इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात आपण मराठीत लिहिलेले वाचायला बरे वाटते असे म्हणाला होतात, त्या आधाराने ही तिसरी खेप.

१) अर्जदार बळवंत आनंदराव ढोके, वरिष्ठ लिपिक, हा प्रताप नगरहून सायकलने कामावर येतो. घरातली स्कूटर मुलगी प्रज्ञा नर्सिंगच्या कॉलेजला नेते. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्यात बारा किलोमीटर सायकल मारल्यावर हातमोजे असूनही बोटे आपली वाटत नाहीत. हजेरीच्या यंत्रालाही ती अर्जदाराची वाटेनात. साडेनऊच्या आत पोहोचूनही लेटमार्क पडू लागले. चहाच्या ग्लासावर हात शेकले, तर बोटाला घाम येई. आस्थापना शाखेच्या विभाबाईंनी सांगितले म्हणून सरसूचे तेल लावले, तर यंत्र घाण केल्याची तोंडी समज मिळाली.

२) अखेर दि. ८ जानेवारी रोजी सकाळी, अर्जदार सायकलवरून उतरताच, त्याच गारठलेल्या बोटाची नवी नोंद करण्यात आली. यंत्राने लगेच ओळखले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अर्जदाराला हुश्श वाटले. मात्र दिवसभर काम करून बोट माणसात आले आणि सायंकाळी यंत्राने त्याला ओळखच दाखवली नाही. सबब अर्जदार आत आला, पण बाहेर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने सांगितले की हा कर्मचारी आधीच आत आहे. तेव्हापासून आजतागायत अर्जदार कागदोपत्री कार्यालयातच आहे.

३) अर्जदाराने प्रयत्नांत कसूर केलेली नाही. तीन दिवस सायंकाळी काम सुटल्यावर हातमोजे काढून त्याने कार्यालयाच्या आवारातच वीस-वीस मिनिटे सायकल फिरवली, जेणेकरून बोट पुन्हा गार व्हावे. पण सायंकाळची हवा सकाळसारखी मारत नाही. फाटकावरचे भैया रोज विचारत की बाबूजी, घर का रस्ता भूल गए क्या. बावन्नाव्या वर्षी असे गोल गोल फिरताना अर्जदाराला लाज वाटली, हे स्पष्टपणे नमूद करतो.

४) संदर्भ २ अन्वये विनापरवाना कार्यालयात मुक्काम व विजेचा वापर याबद्दल खुलासा मागवला आहे. अर्जदार रोज रात्री घरी जेवतो, असे पत्नी सौ. प्रतिमा यांचे निवेदन सोबत आहे. भाजीला नावे ठेवतो, असेही त्यांनी त्यात लिहिले आहे. ते खोडलेले नाही.

५) हे सर्व अर्जदाराने मुकाट सोसले असते. परंतु त्याच्या आई इंदुबाई, वय ७९, वर्धा जिल्ह्यात एकट्या राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. मुलगा सोबत नाही म्हणून त्या दोनदा शस्त्रक्रियेच्या शिबिराच्या दारातून परतल्या. आता दि. २८ जानेवारीची तारीख आहे. फोनवर त्या म्हणाल्या, "तू आल्याबिगर मी डोयाले हात लावू देत नाही. तू नसशीन तर डोया उघडून पाहू कोनाले?" रजेचा अर्ज केला, तो 'बाहेर गेल्याची नोंद असल्याशिवाय रजा मंजूर करता येत नाही' या शेऱ्यासह परत आला.

६) तरी अर्जदारास एकदा, लेखी, बाहेर गेलेला समजण्यात यावे. लेटमार्क आहेत तसे राहू द्यावेत, त्याबद्दल भांडण्याची ताकद आता उरलेली नाही.

७) तसा आदेश वेळेत न निघाल्यास, प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन आटोपून अर्जदार सायंकाळच्या गाडीने आईकडे जात आहे. पुढचे सहा दिवस तो आईच्या खाटेशेजारी असेल. कार्यालयाच्या नोंदीनुसार मात्र त्या काळातही तो कार्यालयातच हजर राहील. त्याला कृपया शोधू नये.

आपला आज्ञाधारक आणि आता थकलेला,
(सही)
बळवंत आनंदराव ढोके
जयपूर, दि. २३ जानेवारी २०२६

सोबत : १) पत्नीचे निवेदन
२) शिबिराची चिठ्ठी. तीत 'सोबत कोण' या रकान्यात आईने अर्जदाराचे नाव आधीच लिहवून घेतले आहे.