बंबईचा प्रोग्राम

अमरावती, ८ जून १९६६

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून रागावू नका. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलात, तेव्हा माझ्या वहीतल्या पत्राच्या मायन्यातून तो शब्द तुम्हीच खोडायला लावला होता. तुमचं पोस्टकार्ड मिळालं. आपल्या घरचं कोणी प्रोग्राम करत नाही, मुंबईला नाही म्हणून कळव, एवढंच त्यात होतं. मी कळवलं, येते म्हणून.

जानरावकाकाला इंग्रजी किती येतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. घरच्या पत्त्यावर आलेल्या नेमणुकीच्या कागदावर 'ट्रेनी प्रोग्रॅमर' लिहिलं होतं, आणि काका कापसाच्या जिनाच्या फाटकाशी सगळ्यांदेखत बोलला, "देवमनची पोरगी बंबईले प्रोग्राम करायले चालली." झालं. गणितात बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या पायात वस्तीनं चाळ बांधून दिले.

तर नीट ऐका. तुम्ही जिनात फिटर आहात, तुम्हाला हे काकापेक्षा लवकर कळेल. कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र, चार कपाटांएवढं. रेच्यात कापूस टाकता ते इनपुट. रुई आणि सरकी वेगळी होऊन बाहेर पडते ते आउटपुट. या यंत्रात कापसाऐवजी जाड कागदाची कार्डं जातात, त्यांवर आकडे बारीक भोकांनी लिहिलेले असतात. पण यंत्राला स्वतःची अक्कल काडीची नाही. आधी काय करायचं, मग काय, अमुक निघालं तर पुढे कुठे जायचं, हे कोणीतरी एकेक पायरी लिहून द्यावं लागतं. त्या पायऱ्या म्हणजे प्रोग्रॅम. तो मी लिहिणार, टेबलाशी बसून, पेन्सिलीनं. एक पायरी चुकली तर यंत्र तीच चूक इमानेइतबारे हजारदा करतं. काकाची चूक वस्ती महिनाभर तशीच करते आहे.

मेमरी हा त्यातलाच आणखी एक शब्द, म्हणजे यंत्राची आठवण. आपण भरू तेवढंच तिथे राहतं आणि पुसलं की गेलं. बाबा, तुम्हीही तसंच पुसायला बघितलंत. पार्बताआत्याचं नाव आपल्या घरात दहा वर्षं कोणी घेतलं नाही. तुमची सख्खी बहीण जत्रेत नाचायची, हे मला आईनं शेवटच्या दुखण्यात सांगितलं. 'प्रोग्राम' हा शब्द तुम्हाला का झोंबला ते मला समजलं, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. पण आईनं पुढचंही सांगितलं. तुम्ही चौथीपर्यंत शाळेत गेलात ते आत्याच्या नाचण्यावर. तुम्ही शिकलात म्हणून मला शिकवलंत. मग माझ्या बी.एस्सी.ची पहिली पायरी कोणी लिहिली? मला तिची लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते याचा मात्र राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आता या पत्राचं खरं कारण सांगते. मुंबईत एकट्या मुलीला कोणी खोली देत नाही. आईनं दिलेला पत्ता घेऊन मी रविवारी एस.टी.नं अचलपूरला गेले आणि आत्याला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती थकली आहे, गुडघे धरतात. तिनं मुंबईचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "देवमनले सांगतलं का?" येत्या सोमवारी दुपारी आम्ही दोघी बडनेऱ्याला गाडीत बसतो. साडेचारला आपल्या अकोल्याला गाडी पाच मिनिटं थांबते, आणि तुमची पाळी चारला सुटते. मी परवानगी मागत नाही, मी जाणारच आहे. पण बायकांच्या डब्यात खिडकीशी आत्या बसेल. तुम्हाला कळवते असं मी तिला सांगितलं. तिनं उठून ट्रंकेतलं नवं लुगडं वर काढून ठेवलं.

तुमचीच, हट्टी म्हणा हवं तर,
भागीरथा