शिट्टीच्या गाण्याचं शेपूट

३ नोव्हेंबर, सोमवार

वीस तारीख ठरली. डॉक्टरांनी कॅलेंडरवर गोल केला, जसं काही माझं लग्नच ठरवतायत! गाठ कानाच्या नसेला चिकटलीय. गाठ काढायची तर नस जाणार, नस गेली की कान गेला.

"मग यंत्र?" मी विचारलं.

"यंत्र नसेच्या जिवावर चालतं हो बाई. नसच नसेल तर..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. नाही काढली तर मेंदूवर दाब येणार. म्हणजे निवडायला काही नाहीच.

डावा कान लहानपणीच्या तापातच गेला. आजवर उजव्यावर निभावलं. वीसनंतर दोन्हीकडे शुकशुकाट.

रडायला एक दिवस पुरे. तो आज.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रडून झालं. आता कामाला लागते.

त्या चौघांची एकूण गाणी एकशे बारा. आजपासून एकोणीसपर्यंत सोळा दिवस. रोज सात. बरोबर बसतं! एकशे बारावं गाणं एकोणीसला ऐकायचं आणि मग काय व्हायचं ते होऊ दे.

बेचाळीस वर्षं ऐकतेय. मी बारा वर्षांची होते, ताई पंधराची. परदेशी बँड, परदेशी भाषा, आम्हाला शब्दाचा पत्ता नाही. चौघांची खरी नावं जिभेवर येईनात म्हणून आम्ही आपली ठेवली – लांब्या, चष्मेवाला, डावरा आणि धाकटा. गाण्यांनाही आमचीच नावं. टेलिफोनचं गाणं. पळापळीचं गाणं. शिट्टीचं गाणं. ताईने धाकट्यासारखे केस कापून घेतले तेव्हा शाळेतून घरी चिठ्ठी आली होती. पुढे अर्थ कळले सगळ्या गाण्यांचे. आमचेच बरे होते.

५ नोव्हेंबर

कारखान्यात सांगितलं. सांगावंच लागणार होतं. माझं काम कानाचं! भट्टीतून आलेली प्रत्येक बशी लाकडी काठीने टिचकी मारून ऐकायची. खण्ण वाजली की पुढे, बद्द वाजली की बाद. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. सव्वीस वर्षं एका कानावर हे केलं, आणि माझ्या हातून गेलेली फुटकी बशी परत आल्याचं एकदाही झालं नाही.

सुपरवायझर म्हणाला, "काळजी करू नका, तुम्हाला पॅकिंगला घेऊ." चांगला माणूस आहे. त्याच्या डोक्यात बशी हाणावीशी वाटली.

दुपारी एकेक बशी उगाच दोनदा वाजवली. मागे रांग तुंबली. कुणी काही बोललं नाही, तेही आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सातऐवजी नऊ. डावऱ्याची सगळी. तो गेला त्या दिवशी ताई आणि मी दोघींनी आपापल्या कामावर "घरातलं माणूस गेलं" सांगून रजा टाकली होती. खोटं बोललो असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शिट्टीचं गाणं लावलं. फोनवर, स्वच्छ, अगदी धुतल्यासारखं. शेवटी लांब्या शिट्टी वाजवतो, ती सुरू झाली आणि माझं अंग आपोआप आखडलं. कारण आमच्या कॅसेटवर शिट्टी तिथेच कापलेली आहे. मी कापलेली.

लिहूनच टाकते. कुणाला कधी सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी रेडिओवर अर्धा तास परदेशी गाणी लागायची. रेडिओ आणि टेप तारेने जोडता येतात हे आम्हाला कुठे माहीत! टेप रेडिओसमोर धरायचा आणि श्वास रोखायचा. ताई बाहेर बाल्कनीत एरियलची तार हातात उंच धरून उभी, कारण तार खाली आली की खरखर. मी आत, उजवा कान रेडिओला लावून. शिट्टी सुरू झाली आणि माझ्या डाव्या अंगाला दार उघडलं. आई. काहीतरी बोलली. काय बोलली ते कळलं नाही, तो कान मेलेला. दिसलं एवढंच की तिचं तोंड हलतंय आणि माझं गाणं बिघडतंय. मी हाताने जा-जा केलं.

नंतर टेप मागे घेऊन लावला. शिट्टी, आणि मग आईचं "अगं". मी फटकन बटण दाबलं. पुढचं ऐकलंही नाही. दूध, कपडे, आणायचं राहिलेलं काहीतरी – दुसरं काय असणार? ब्लेड घेतलं. त्या "अगं"पासून गाण्याच्या शेवटापर्यंतची हातभर फीत कापली, उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडली, आणि तो तुकडा आईच्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात टाकला. वर चार दिवस तिच्याशी बोलले नाही. बारा वर्षांची कार्टी!

त्यानंतर दारावर पुठ्ठा लटकवला – शांतता! रेकॉर्डिंग चालू आहे. दर शनिवारी कडी लावायचे. आई शिवण घेऊन बाहेर पायरीवर बसायची, अर्धा तास, हूं नाही की चूं नाही. रुसली असेल म्हणायचे मी. त्या चौघांचा तिला राग होताच.

एकोणीस कॅसेटी भरल्या. एकीतही आई नाही.

१० नोव्हेंबर

आई जाऊन सहा वर्षं झाली. आज कामावरून आल्यापासून तिचा आवाज शोधतेय. फोनमध्ये नाही. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत आई सगळीकडे आहे, पण कॅमेरा वळला की पदर तोंडाला. नातेवाईक म्हणायचे, "बोला ना काहीतरी!" ती माझ्याकडे बघून हसायची. "रेकॉर्डिंग चालू आहे ना? मग मी गप्प." सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे!

माझं मन सांगतंय तसाच तिचा आवाज होता का, हेही आता नक्की सांगता येत नाही. दहा दिवसांनी तर पडताळून बघायला कानही नसेल.

एकशे बारा गाणी गेली खड्ड्यात. मला आईला ऐकायचंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला फोन केला. सहा वर्षांनी. आईच्या तेराव्याला आमचं जे वाजलं ते या कॅसेटींवरूनच. शेवटी कॅसेटी ती घेऊन गेली आणि टेप मी. तिच्याकडे वाजवायला काही नाही, माझ्याकडे वाजवायचं काही नाही. दोघींचीही जिरली.

"तो तुकडा मी फेकला होता," मी म्हटलं. "तू त्या दिवशी डब्यातून उचलला होतास का?"

ती म्हणाली, "उचलला. शिट्टीच्या गाण्याचं शेपूट होतं ते. टाकवेना. कॅसेटच्याच डबीत आहे."

तेव्हाच गोड बोलायला हवं होतं. पण तोंड! तोंड माझंच. म्हटलं, "मग पाठवून दे. कॅसेटीही पाठव. तशाही माझ्याच आहेत त्या."

"सहा वर्षांनी फोन, आणि तोही हक्क सांगायला? आधी टेप पाठव."

फोन आपटला. तिने की मी, आठवत नाही. कानाचं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर जिंकले असते, आणि तसं जिंकायचं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

नाही सांगणार.

१४ नोव्हेंबर

दोनशे बशा बाद केल्या. सुपरवायझरने पुन्हा तपासल्या. सगळ्या खणखणीत होत्या. मलाच बद्द ऐकू येतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सात वेळा लिहिलं, सात वेळा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं – वीस तारखेला माझा कान जाणार आहे. त्याआधी आईला ऐकायचंय.

चार मिनिटांत उत्तर. "मूर्ख. निघते."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताई आली. दोन दिवसांचा प्रवास करून, हातात पिशवी, पिशवीत एकोणीस कॅसेटी. म्हातारी झालीय! दारातच म्हणाली, "म्हातारी झालीस." मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. लहानपणापासूनची सवय, विसरली नाहीये.

तुकडा दाखवला. सुरकुतलेला, तपकिरी. दोघींनी हात लावला नाही, नुसता बघितला.

माझा टेप उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. तसाच उचलून टेपवाल्याकडे नेला. बाजारामागे एका खोलीत एकटा बसतो, ऐंशीचा तरी असेल. भिंग लावून तुकडा बघितला. म्हणाला, "जोडून देतो. पण पट्टा बाहेरून मागवावा लागेल. चार-पाच दिवस धरा."

"परवा माझं ऑपरेशन आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या टेपवर लावा ना!"

"दोन आहेत माझ्याकडे. दोन्ही जुनी फीत खातात. नशीब असेल तर वाजेल. नाहीतर चुरगळून तुकडे. मग मात्र माझ्याही हातात काही नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

ताई म्हणाली, "लाव म्हण. तुझा कान जातोय. मी सांगते, लाव म्हण!"

तिथूनच डॉक्टरांना फोन केला. आठवडाभर पुढे ढकला म्हटलं. "एक दिवसही नाही," ते म्हणाले.

टेपवाल्याने एक टेप पुढे ओढून ठेवला होता. झाकण उघडं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. मग नको म्हटलं. एकदा मी तिला कापलंय. दुसऱ्यांदा माझ्यामुळे तुकडे नकोत.

ताई रस्ताभर माझ्यावर चिडली होती. घरी येऊन मोरीत तोंड धुवायला गेली ती अर्धा तास बाहेरच आली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटलमध्ये. खिडकीपाशी कॉट. ताईने विचारलं, यादीतली किती राहिली? अडुसष्ट. "फोन काढ." मी नको म्हटलं. "तू म्हण."

ताईचा आवाज म्हणजे देवाने सूर वाटले तेव्हा ही झोपलेली! पण म्हणाली. टेलिफोनचं, पळापळीचं, आमच्या जुन्या चुकीच्या शब्दांसकट, सगळी बडबड. मीही म्हटलं. शेजारच्या कॉटवरची बाई हसायला लागली. नर्स येऊन ओरडली, "हे हॉस्पिटल आहे!" ताई म्हणाली, "शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे." हसून हसून पोटात दुखलं.

मग ताईने शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. नुसती हवा. म्हणाली, "आई शेवटी शेवटी असंच करायची, आठवतं? ओठांचा चंबू करून. दात नाहीत, नुसती फूऽऽ."

"औषध गरम लागायचं तिला," मी म्हटलं. "फुंकर मारायची."

"हो, तेच असेल."

ताईचा आवाज घशाशी जरा चिरका आहे. कधी लक्षच दिलं नव्हतं. आज दिलं.

२० नोव्हेंबर

नेतायत. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतंय. छान कुरकुरतंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहिता येतंय. डोकं गरगरतं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, खाली दोन रेघा मारल्या.

शांतता म्हणजे काही नसणं असं वाटलं होतं. तसं नाही. आत सारखी घूं चालू असते. तिच्यामागे काही ऐकू येतंय का म्हणून सकाळी चमच्याने कपावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग ताईने हातातून चमचा काढून घेतला. आज तिच्यासमोर खूप रडले. माझं रडणंही मला ऐकू आलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घरी आणलं. टेपवाला स्वतः टेप घेऊन आला. कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि मी हाताचा तळवा स्पीकरवर ठेवला. ढोल लागत होता हाताला. मग थांबला. म्हणजे शिट्टी आली. मी ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. ती आधी हसली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टेपवाला उठून खिडकीशी गेला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं. बहुतेक ओरडूनच. "दूध? काय म्हणतेय आई?"

ताईने ही वही ओढली. पुढच्या दोन ओळी तिच्या अक्षरातल्या.

अगं, दार उघडं ठेवा ना जरा. मलाही ऐकायचंय.

मग तीही शिट्टी वाजवते. गाणं संपेपर्यंत. अगदी सुरात.

एकोणीस कॅसेटी. दर शनिवारी कडी मीच लावली होती.