समोरचा हाल कसा ठेवाचा

१२ जानेवारी, सोमवार

समोरच्या हालात, बैठकीच्या खोलीत, टाईल लागली. मिस्त्री गेला तसे आरूचे बाबा चप्पल हातात घेऊन आत आले. आपल्याच घरात, पाहुन्यासारखे. म्हने, "पाह्य बरं, तोंड दिसते." खरंच दिसते. पंखा पन दिसते. माझी ननंद वनी फोटो काढून राहिली होती. सासूबाई दारातूनच म्हनल्या, "एवढी चिकनी कायले लावली? मानसं चालाचे आहेत का मासोळ्या?"

सारे हासले. मी पन. पन माझा जीव आरूत. पोरगी आत्ताच पाय टाकून राहिली. मागच्या मातीच्या खोलीत चालते, इथं आली का सटकन बसते.

१३ जानेवारी

दिवाळीत ताप चढला तं आरूले झटका आला होता. डोळे वर, हात ताठ. मले वाटलं गेली. डॉक्टर म्हने, तापात येते असा, मोठी झाली का जाते, भेवाचं नाही. मी हो म्हनली. भेव काही गेला नाही. कपाळाले हात लावून पाहाची सवयच लागली. आज टाईलवर पडली तं आधी डोस्का पाहिला, मंग डोळे पाहिले.

कोनाले सांगाचं नाही असं आरूच्या बाबायचं म्हननं. पंचवीस तारखेच्या रविवारी वनीले पाहाले अर्जुनी मोरगावचे पाहुने येऊन राहिले. "ते म्हनतीन, हा आजार यायच्या घरातच आहे." हाल पन त्यायच्यासाठीच चालला आहे सारा.

१६ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकू. तिळगूळ कमी अन् मतं जास्त. एक म्हने गुलाबी रंग मार. दुसरी म्हने गुलाबी तं ब्यूटी पार्लरले मारतेत. तिसरी म्हने सोफा भिंतीले लावू नोको, मदात ठेव, टीव्हीत तसाच राहते. सासूबाई म्हनल्या, "मदात ठेवला तं आमी काय परिक्रमा करू?"

धान साठवाची ढोली हालातून काढा असं साऱ्यायचं एकमत. बांबूची आहे, मामाजी, माझे सासरे, होते तेव्हाची. सासूबाई एकच बोलल्या, "हाल पोराचा. ढोली माझी." झालं. ढोली राहिली.

मले कोनी विचारलं नाही. विचारलं असतं तं काय सांगितलं असतं, तेही माहीत नाही.

१९ जानेवारी

आरूच्या बाबायनं टीपाय आनला गोंदियाहून. ते कामाले जातेत त्या राइस मिलच्या गाडीत, चादरीत गुंडाळून, लेकरासारखा धरून. वरून काच. चारी कोने टोकाचे. अन् बरोब्बर आरूच्या कपाळाएवढा उंच.

"कसा आहे?"
"बेस आहे."

इतके खुश होते. नोको कसं म्हनू?

२१ जानेवारी

जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करून टीपायच्या कोन्याले बांधल्या. हे मिलमधून आले, पाहातच राहिले. "काय झालं याले? भरती केला का दवाखान्यात?" वनी खो खो हासली. मी पन हासली अन् मंग रडू आलं. पन यायनं पट्ट्या नाही काढल्या. म्हने, "रविवारच्या सकाळी काढू."

२४ जानेवारी, शनिवार

आज तं कहरच झाला. मी आरूले आंघोळ घालून बाहेर आली तं सासूबाईनं दारापासून ढोलीपर्यंत हाल सारवला होता. शेनानं. नव्या टाईलवर!

वनी रडाले लागली. हे डोस्का धरून उभे. "आई, टाईल आहे ते!"
"मंग? उद्या सोयरीक येऊन राहिली. न सारवल्या घरात पाहुना बसवू का? तुमच्या बापाच्या घरी असं झालं नाही."

कोन समजावन. तेवढ्यात आरू माझ्या हातून सुटली. सारवल्यावर पाय टेकला अन् चालली. सरळ ढोलीपर्यंत. सटकली नाही, पडली नाही. ढोलीले हात लावून मांगं पाहून हासली.

सासूबाई पाहून राहिल्या होत्या. "पाह्य," म्हनल्या, "तिले समजते."

दुपारी यायनं बादली घेऊन सारं धुतलन. एक एक टाईल. मी पानी आनून देत होती. पोपडे निघता निघत नव्हते. धुता धुता हळूच म्हने, "चालली बाकी मस्त."

२५ जानेवारी, रविवार

पाहुने गेले, आरू निजली, तं आता लिहून राहिली.

पाच जन आले. मुलगा, त्याचे मायबाप, काका अन् आत्या. आत्या बोलकी. आल्याबरोबर वर पाहिलन, खाली पाहिलन, "हाल छान केला जी. ढोली पन राहू देल्ली, बरं केलं." सासूबाईची छाती इतकी फुगली.

पट्ट्या सकाळीच काढल्या होत्या. आरूले घेऊन मी मागच्या खोलीत. वनी चहा घेऊन गेली. वनीच्या पैंजनाचा आवाज आला अन् पोरगी माझ्या मांडीवरून उठून धावली. मी मांगं. टाईलवर तिचा पाय सरकला, डोस्का सरळ त्या कोन्यावर. मी मदात हात घातला. कोना मले लागला. तिले नाही. पन मी कशी वरडली ते मलेच समजलं नाही. पदर कुठं, चहा कुठं.

 आत्या म्हने, "लागलं नाही ना वो लेकराले? एवढी काऊन भेली?"

हे माझ्याकडे पाहून राहिले होते. मले दिसत होतं, नोको म्हनून राहिले. पन तोंडातून गेलंच. "तिले झटका आला होता जी. तापात. म्हनून."

बस.   मले वाटलं, वनीचं लग्न मी मोडलं.

सासूबाई उठल्या. आरूले कडेवर घेतलन, म्हनल्या, "माझी नात आहे. लपवाची वस्तू नोहय." मंग आपल्या पोराले म्हनल्या, "हे काच काढ बरं बापा इथून." हे जागचे हालेनात. तं तो मुलगाच उठला. कानापर्यंत लाल झालेला. एका बाजूनं त्यानं, दुसऱ्या बाजूनं मंग यायनं धरली. काच उचलून ढोलीमांगं उभी ठेवली. खाली बसाले दरी अंथरली. उरलेला चहा साऱ्यायनं खाली बसून घेतला.

निघताना त्याचा बाप म्हने, "कळवतो." आत्यानं मात्र जाता जाता आरूच्या कपाळाले हात लावून पाहिला.

२७ जानेवारी

फोन नाही. हे माझ्याशी मोजून बोलून राहिले. जेवन वाढ, पानी दे, एवढंच. हाताले सूज आहे. सासूबाईनं हळद लावून देल्ली.

वनीजवळ गेली. "माझ्यानं झालं, वनी."
"काय झालं? अजून तं 'नाही' म्हनलं नाही कोनी." मंग खाली पाहून म्हने, "वहिनी, काच उचलताना त्याचा हात थरथरून राहिला होता. तुमी पाहिला का?"
"नाही वो."
"मी पाहिला."

३१ जानेवारी, शनिवार

फोन नाही. वनी मोबाईल चार्जिंगवरून काढतच नाही.

हे आज लवकर आले. दुकानातून रंगायचा कार्ड आनला, पट्ट्या पट्ट्यायचा. माझ्यासमोर धरून म्हने, "सांग, कोनता मारू?"
"मले कायले विचारता? वनीले विचारा."
"साऱ्यायले विचारलं. तूच राहिली."

मी कार्ड पाहिला. सारे रंग चांगलेच दिसले. मले भेव लागला. मी रंग सांगाचा अन् अर्जुनीवाले नाही म्हनले, तं मंग रंग पाहून रोज तेच आठवन. तरी म्हनली, "भिंतीचं मंग पाहू. आधी खालचं पाहा."

त्यायनं कार्ड खिशात ठेवला. मंग खाली बसले, आरूच्या बाजूले. तिच्याएवढे वाकले. टाईलवर तळवा फिरवलन, एकदा, दोनदा. तळवा सरकला.

"चिकनीच आहे वो," म्हने.
"हो."
"मंग काय टाकाचं इथं?"

मी पन बाजूले बसली. कुठून सांगू, कुठून नाही. आरू चालली होती तसंच, दारापासून सांगाले सुरू केली.