आता सगळं चालेल

प्रिय ताई,

फोनवर तुझी भावजय शेजारीच असते, म्हणून हे पत्र. माझ्या पोटातली गाठ काढताना आतली एक बारीक नळी दुखावली, हे तुला ठाऊकच आहे. अन्नातलं तेलतूप जे रक्तात जायचं, ते तिथून गळतं आणि कुशीत बसवलेल्या नळीवाटे पिशवीत उतरतं. दुधासारखं पांढरं! रोज सकाळी तुझी भावजय ती पिशवी खिडकीपाशी धरून बघते.

तेल, तूप, लोणी बंद. आणि कोणाला, तर जन्मभर कोपरापर्यंत लोण्यात राहिलेल्या बेकरीवाल्याला! तिनं घरातलं लोणी शेजारी देऊन टाकलं, स्वतःही कोरडा पाव चावते आणि वर म्हणते, मला असाच आवडतो. खोटारडी कुठली! पिशवीतलं जरा निवळलं की तिचा चेहरा खुलायचा, पुन्हा पांढरं झालं की भांडी घासत बसायची. मध्ये तोंडानं खाणंच थांबवून शिरेतून अन्न दिलं. सुई घालून ती आतली नळी बुजवूनही पाहिली. गळती काही थांबली नाही. अंगठीसुद्धा आता बोटात राहत नाही गं.

आज डॉक्टरांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, पथ्य पुरे, आवडेल ते खा. तुझी भावजय अशी हसली की मला आमच्या लग्नातली तीच आठवली. ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी डॉक्टरांना खोदून विचारलं. गाठ परत आलीय, सगळ्या पोटात पसरलीय. आता करण्यासारखं काही नाही. येताना तिनं हौसेनं लोणी घेतलं. आत्ता स्वयंपाकघरात केक फेटतेय आणि बेसूर गातेय. मला भीती वाटते, ताई. फार वाटते.

रविवारी ती ही आनंदाची बातमी सांगायला तुला फोन करील. तू उभा जन्म नर्स म्हणून काढलास. मरणाऱ्या माणसाचं पथ्य का सोडतात, ते तुला सांगायला नको. पण फोनवर गप्प होऊ नकोस, तुझं गप्प होणं तिला लगेच कळतं. हस. म्हण, साय चोरणाऱ्या बोक्याला मिळालं एकदाचं लोणी! रडायचं ते हे पत्र हातात आहे तोवर रडून घे. तिला मीच सांगणार आहे. पण चार दिवस गाऊ दे तिला.

तुझाच,
बोका