धाकटीच्या नावाचा कंद

७ ऑक्टोबर

शाळेची पोरं आज फाटक न वाजवताच अंगणात शिरली! तिसरीचा वर्ग, हातात झाडू, मागे त्यांच्या बाई. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची अंगणं झाडायचा उपक्रम आहे म्हणे. मी म्हटलं, मला हातपाय आहेत. बाई म्हणाल्या, आजी, मुलांना सवय लागते. त्यांचे स्वतःचे केस निम्मे पांढरे, आणि आजी मी!

झाडलं म्हणजे काय, इकडची पानं तिकडे. मग ढिगात उड्या. ती गेल्यावर सगळं मी पुन्हा झाडलं. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

पुन्हा स्वारी आली. या वेळी गोण्या घेऊन. थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी गरम कपडे गोळा करताहेत. एक गोणी उपसून पाहिली — निम्म्या कोटांना बटणं नाहीत, चेन अडकलेल्या, अस्तर लोंबतंय. असं द्यायचं कुणाला? जन्मभर लोकांचे कपडे शिवले मी, मला बघवेना. सगळ्या गोण्या ठेवून घेतल्या.

त्यांच्यात एक दातपडकी आहे. पुढचे दोन दात गायब, आणि हुकूम मात्र सगळ्या वर्गावर. ती मशीनपाशी ठाण मांडूनच बसली. सुईत दोरा ओवायचं काम तिला दिलं. माझ्या डोळ्यांनी कधीच हात टेकलेत.

१५ ऑक्टोबर

बटणं, बटणं, बटणं. मान मोडली. मजेत आहे.

२१ ऑक्टोबर

दोरा ओवता ओवता दातपडकीने विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त कोणाची आठवण येते? शाळेत सांगायचंय म्हणाली. ह्यांचं नाव जिभेवर होतं, आणि तोंडातून निघालं — ठकी. कोण ठकी? माझी धाकटी बहीण. तिने फार शहाण्यासारखी मान हलवली आणि पुढची सुई ओवायला घेतली.

बारा वर्षं झाली ठकीशी अबोला धरून. कशावरून, तर आईच्या शिलाई मशीनवरून. मी म्हणे तू घे, ती म्हणे ताई, तू घे. आमचा आग्रह चालला होता तेवढ्यात भाऊने ते भंगारात घातलं! मग तुझ्यामुळे गेलं, तुझ्यामुळे गेलं. लोक वस्तू मिळाली नाही म्हणून भांडतात, आमची तऱ्हाच निराळी. दर वर्षी वाटतं, फोन करावा. मग वाटतं, तिने का करू नये?

४ नोव्हेंबर

काय होऊन बसलं हे!

शाळेने कार्यक्रमाला बोलावलं होतं. लेकही आली. मागच्या भिंतीलगत रांगेने खड्डे, प्रत्येक खड्ड्यापाशी एक लाकडी पाटी. कुणाचे आजोबा, शाळेचे जुने शिपाई, कुणाचा कुत्रा. सगळे गेलेले! आठवणींची बाग आहे म्हणे, ज्याच्या त्याच्या नावाने फुलाचा कंद लावायचा. आणि मधोमध — ‘ठकीआजी यांच्या स्मृतीस’. भोवती रंगवलेली फुलं.

सांगणारच होते. पण दातपडकी दोन्ही हातांत कंद धरून उभी. म्हणाली, “रडू नका आजी, वसंतात उगवतो हा.” आता तिच्यापुढे काय बोलणार? लावला. वर माती लोटली. बाईंनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं, तेही पाळलं. ठकीच्या बाबतीत त्याची सवयच आहे मला.

५ नोव्हेंबर

लेकीने कालचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला! ‘आई किती छान दिसतेय’ असं लिहून. पाटी वाचायची तसदी घेतली नाही कार्टीने. सकाळीच भाऊचा फोन, शुद्धीवर आहेस ना? ठकीने फोटो पाहिलाय. एक अक्षर बोलली नाही म्हणे.

आता संपलंच. आजवर निदान भांडण तरी होतं, कधीतरी मिटलं असतं. जित्या माणसाला पुरलं, ते कसं मिटायचं? तिच्याशिवाय माझं लहानपण आठवणारं आता आहे कोण! भाऊला तर काल काय जेवला तेही आठवत नाही. फोन हातात घेतला. ठेवला.

७ नोव्हेंबर

मुलं कपडे घेऊन गेली. एकही कोट बटणाविना नाही, याचं समाधान आहे. दातपडकीला खरं सांगून टाकलं. तिचा चेहरा एवढासा झाला. पाटी काढू का म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, तू चूक केली नाहीस, आठवण येतेच मला. आणि ती गेल्यावर त्याच धिटाईत ठकीला फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंदच.

८ नोव्हेंबर

अजून बंद.

९ नोव्हेंबर

दारात ठकी! रात्रभर प्रवास करून आलेली, हातात खुरपं. बारा वर्षांनी पहिलं वाक्य —

“ताई, आधी मला उकरून काढ. चहा मग.”