खांद्यावरची चार बोटं

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टोपलीत टाकलंस, तर तुला दोष देणार नाही. मीही तेच केलं असतं. हट्टीपणात तू माझ्यावरच गेली आहेस. अकरा वर्षांनी बापाला लेक आठवली म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुझ्या मनात येईल. खरं आहे, काम आहे. पण ते थेट मागायची हिंमत होत नाही, म्हणून आधी माझ्या एका नव्या गिऱ्हाइकाची हकीकत सांगतो.

स्टुडिओ बंद केल्यापासून मी घरीच जुने फोटो दुरुस्त करतो. खिडकीपाशी संगणक, शेजारी स्कॅनर आणि दर वर्षी वाढणारा चष्म्याचा नंबर. डाग काढायचे, फाटलेले कोपरे जोडायचे, उडालेले रंग परत आणायचे. मार्चमध्ये एक निवृत्त शिक्षिका बिस्किटांच्या डब्यात एकतीस फोटो घेऊन आल्या. मला वाटलं, नेहमीचंच काम. तर बाई म्हणाल्या, ह्या सगळ्यांतून माझा मुलगा काढून टाका. फळा पुसायला सांगावं इतक्या शांतपणे. मी कारण विचारलं नाही. खरं सांगू का, मला ते काम आवडलं. माणूस काढणं सोपं नसतं. त्याच्या मागे काय असेल ते आपणच भरावं लागतं, भिंत, गवत, खुर्चीची पाठ. महिनाभर खपलो आणि स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. बाईंनी फोटो पाहून मान डोलावली. माझा नियम तुला ठाऊक आहे: काम पसंत पडलं की मूळ स्कॅन गिऱ्हाइकासमोरच काढून टाकायचे. लोकांची घरं आपल्या कपाटात नकोत. बाईंनी घरी जाऊन मूळ फोटोही जाळले.

ऑगस्टमध्ये त्या परत आल्या. कामावरून परतताना रस्त्यात अपघात होऊन मुलगा गेला होता. त्याचे मोठेपणीचे फोटो त्याच्या मित्रांनी आणून दिले होते, पण तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही, म्हणाल्या, मला माझा लहानगा हवा. तुम्हीच काढलात ना, मग तुम्हीच परत घाला. त्यांना वाटत होतं, मी त्याला कुठेतरी जपून ठेवलाय. मी नाही म्हणालो नाही, तिथेच चुकलो. तीन दिवस, बाईंनी परत आणलेले, मुलगा काढलेले ते एकतीस फोटो मोठे करकरून पाहत होतो. एकोणिसाव्यात सापडलं. बाईंच्या खांद्यावर, स्वेटरच्या घडीत, चार इवलीशी बोटं. माझ्या नजरेतून सुटलेली. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या चुकीचे पाय धरावेसे वाटले. तेवढीच मोठी करून छापून दिली. बाईंनी त्या कागदावर आपला तळवा ठेवला. मला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

आता माझं काम. दिवाणखान्यातला आपला तिघांचा फोटो तुला आठवत असेल. तू न सांगता लग्न करून गेलीस, त्याच आठवड्यात मी तो उतरवला, तुला काढलं आणि तुझ्या जागी पडदा भरला. अल्बम रद्दीत घातले. आईला म्हटलं, रंग उडाले होते, नवे केले. मूळ फोटो, स्कॅन काहीच मी ठेवलं नाही, आणि त्या फोटोत मी काहीही सोडलेलं नाही. परवा पुन्हा पुन्हा पाहिलं. गेलं वर्षभर आई कुणालाच ओळखत नाही. मला कोपऱ्यावरचा दुकानदार समजते. डॉक्टर म्हणतात, हे आता सुधारणार नाही, त्यामुळे तू आलीस तरी तुला ओळखेल असं नाही, आणि ये म्हणायला माझं तोंडही नाही. तुझ्याकडे तुझा लहानपणीचा एखादा फोटो असेल, तर तेवढा पाठव. माझ्यासाठी नको. आई रोज दिवाणखान्यातल्या त्या फोटोपुढे उभी राहते. काल काचेवर बोट ठेवून मला म्हणाली, "अहो भाऊ, तेवढा पडदा बाजूला करा ना. मागे पोरगी कधीची उभी आहे."

तुझाच,
बाबा